कॅप्सूल उजव्या कानशिलावर

काही लोक सकाळी उठल्या उठल्या सोन्याचा भाव बघतात, काही राशिभविष्य बघतात. मी माझा आकडा बघायचे. जगात कुठेही कुणी आपल्या शोधनिबंधात माझ्या निबंधाचा हवाला दिला, की एका वेबसाइटवर माझ्या नावापुढचा आकडा एकाने वाढतो. आमच्याकडे त्याला सायटेशन म्हणतात. गॅसवर चहा उकळत असायचा, मी एका हाताने गाळणं शोधायचे आणि दुसऱ्या हाताने मोबाइल चाळायचे. आकडा वाढलेला दिसला की त्या खुशीत चहात साखर घालायची राहून जायची. वाढलेला नसला की रागारागाने दोन चमचे जास्त पडायची. एकूण काय, माझ्या हातचा चहा कधीच धड झाला नाही.

तो चहा बाबा निमूट प्यायचे. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी रंगरुटांना ड्रिल शिकवली. आमचं घर मूळचं महूचं, आजोबाही फौजेतलेच. आई गेल्यावर मी बाबांना इंदूरला माझ्याकडे घेऊन आले, आणि आम्ही दोघं बापलेक एकमेकांवर डाफरत सुखाने राहू लागलो. सायटेशन म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा अर्धा तास खर्च करून समजावलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि आपल्यापुरता सोपा अर्थ लावला. तेव्हापासून रोज सकाळी वर्तमानपत्र खाली करून विचारायचे, “हां बेटा, आज किती सलाम आले?”

मी इथल्या एका कॉलेजात मेंदूविज्ञान शिकवते आणि संशोधन करते. त्या वेळी माझ्या नावावर एकोणीस निबंध होते. ऐकायला बरं वाटतं. त्यातले अठरा असे, की त्यांचा हवाला मुख्यतः मीच माझ्या पुढच्या निबंधांत दिलेला. उरलेला एक मात्र धावत सुटला होता. जवळजवळ सगळा आकडा त्या एकट्याचा. परिषदेत कुणाशी ओळख झाली की समोरचा म्हणायचा, “अच्छा, ते पाढ्यांवालं काम तुमचं का?” आणि माझी मान ताठ व्हायची. बाबांच्या भाषेत, माझ्या पलटणीत एकच जवान होता आणि तोच रोज सगळे सलाम घेऊन यायचा.

ते पाढ्यांवालं काम मला आजही आवडतं. इंदूरच्या मराठी माणसाची एक गंमत आहे. तो भाजी हिंदीत घेतो, भांडतो हिंदीत, ऑफिसात इंग्रजी फाडतो, आणि घरी जे मराठी बोलतो त्यातही अर्धं हिंदी असतं. पण जुन्या माणसाला एकोणतीसचा पाढा विचारा, तो मराठीतच म्हणणार. पावकी, निमकी, दिडकी, हे पाव-अर्ध्या-दीडचे पाढेही मराठीत. ज्याला ‘चमचा’ सोडून भांड्यांची मराठी नावं आठवत नाहीत, तोही निमकी घडाघडा म्हणतो. मला वाटलं, हे मेंदूत बघायला हवं. चोवीस माणसं गोळा केली. कुणी महूच्या विहारात येणारे बाबांचे दोस्त, कुणी इंदुरातल्या शाळांतले निवृत्त मास्तर, दोन काकू मानपुरहून बसने यायच्या. एमआरआय मशीनमध्ये पडून मनातल्या मनात मराठीत पाढे म्हणायचे, मग तेवढाच वेळ हिंदीत गिनती म्हणायची. मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते आम्ही बाहेरून बघायचं.

कॉलेजात मशीन नव्हतं. एका स्कॅन सेंटरने रविवारी सकाळी आपलं मशीन वापरू दिलं. तिथला टेक्निशियन इंदूरजवळच्या बेटम्याचा, त्याला सगळे नुसतं भिया, म्हणजे इंदुरी भैया, म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. स्कॅन झाला की प्रत्येकाला पोहे. पोह्यांमुळेच माणसं मिळाली, विज्ञानामुळे नव्हे, हे मी निबंधात लिहिलं नाही.

आता एक बारीक गोष्ट सांगते, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. मेंदू वरवर बघता डावीउजवीकडे सारखाच दिसतो. चित्र उलटं झालं, आरशात दिसावं तसं, तर भल्याभल्यांना कळत नाही. त्या काळी मशीनमधली चित्रं आमच्या कॉम्प्युटरवर घेताना कधीमधी उलटी व्हायची. म्हणून आमच्या लोकांत एक रीत होती. माणसाच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची एक कॅप्सूल चिकटपट्टीने लावायची. चित्रात ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. ठिपका ज्या बाजूला, ती उजवी बाजू. औषधाच्या दुकानातून एक पाकीट आणलं की झालं.

बाबाही त्या चोवीस जणांत होते. मशीनमध्ये माणूस हलला की चित्र बिघडतं, आणि चाळीस मिनिटं न हलणं भल्याभल्यांना जमत नाही. बाबा आत गेले, त्या दिवशी मशीनवर असलेल्या माणसाने माइकवर “हिलना नहीं, दादाजी” म्हटलं, आणि बाबा असे सावधान झाले की पुढे आकडेवारी बघताना मला वाटलं मशीन बंद पडलं होतं की काय. तसा स्वच्छ डेटा मला आजवर कुणी दिलेला नाही.

निष्कर्ष अनपेक्षित आला. पाठांतर हे डाव्या मेंदूचं काम, असं पुस्तकं सांगतात. आमच्या माणसांत डाव्याबरोबर उजवी बाजूही उजळली. मी लिहिलं, की लहानपणी सुरात घोकलेली भाषा मेंदूत गाण्यासारखी राहत असावी, म्हणून उजवी बाजू. किती सुंदर कल्पना! लोकांना ती फारच आवडली. मला तर इतकी आवडली की तिच्यावर शंका घ्यावी हे मनातसुद्धा आलं नाही.

दहाएक वर्षं अशी सलाम घेण्यात गेली. मग, दोन वर्षांपूर्वी, एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या. एक, प्रोफेसरपदाच्या बढतीचा फॉर्म. त्यात निबंधांची यादी, सायटेशनचा आकडा आणि ‘आपले सर्वांत महत्त्वाचे योगदान’ असा एक रकाना. ही संधी यापूर्वी दोनदा हुकली होती. या वेळी तो निबंध पुरेसा वजनदार झाला आहे, आता काम होईल, असं विभागप्रमुखांनी खासगीत सांगितलंही होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक ईमेल. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी, केरळची एक मुलगी. तिने फार अदबीने लिहिलं होतं, की तुमच्या निबंधावरून मी माझा प्रबंध आखला, मल्याळी माणसांवर तोच प्रयोग दोन वर्षं केला, पण उजवी बाजू काही उजळत नाही. माझं कुठे चुकतं ते कळावं म्हणून तुमची मूळ चित्रं बघायला मिळतील का?

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि ईमेलला तर तेवढंही अंतर लागत नाही. मी मनात म्हटलं, तुला जमत नाही तर माझ्या कपाटात कशाला हात घालतेस? उत्तर दिलंच नाही. एक आठवड्याने तिने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी तिने एवढंच लिहिलं, की माझे गाइड म्हणतात मी माणसं नीट निवडली नाहीत, आणि कदाचित ते बरोबर असतील. या वाक्याने मला लाज वाटली. हेच वाक्य मीही कधीकाळी कुणाला तरी लिहिलं होतं. मी जुनी हार्ड डिस्क शोधायला घेतली.

डिस्क स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, फराळाच्या रिकाम्या डब्यांमागे निघाली. दुपारची वेळ होती. बाबा बैठकीत टीव्हीवर क्रिकेट बघत होते. म्हटलं पाठवण्याआधी दोनचार चित्रं उघडून बघू, आणि आपसूक बाबांचंच चित्र उघडलं. बघितलं, मग कितीतरी वेळ बघतच राहिले.

बाबांच्या डोक्यात एक खाच आहे. तरुणपणी ट्रकचा फाळका निसटून लागला होता, कानाच्या वर चार बोटं. लहानपणी त्यांच्या डोक्याला तेल लावताना माझं बोट हटकून त्या खाचेत जायचं, आणि ते म्हणायचे, “खड्डा भरू नको, रस्ता बंद होईल.” चित्रात ती खाच उजव्या बाजूला होती.

मी उठून बैठकीत गेले आणि बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. बोट खाचेत गेलं. डाव्या बाजूला.

“काय झालं?” ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

“काही नाही, तेल लावायला झालंय तुमच्या डोक्याला,” मी म्हटलं आणि परत आत आले.

पुढचे चार दिवस मी फक्त जुन्या नोंदी वाचल्या. कोडं अखेर माझ्याच अक्षरात सुटलं. त्या सगळ्या रविवारांत दोन रविवार भिया नव्हता. बेटम्याला बहिणीचं लग्न होतं. बदली माणूस मशीन चालवायचा, पण कॅप्सूल मी लावायचे. भियाची पद्धत अशी, की माणूस पलंगावर आडवा झाला की तो डोक्याच्या बाजूला उभा राहायचा. तिथून त्याची उजवी ती माणसाची उजवी. मी मात्र माणूस पलंगाच्या कडेला बसलेला असतानाच, त्याच्या समोर उभी राहून, गप्पा मारत कॅप्सूल लावून टाकायचे. माझ्या उजव्या हाताला जी बाजू आली तिच्यावर. म्हणजे त्याच्या डाव्या कानशिलावर. नऊ जणांना. त्यात बाबाही होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं, कारण मशीनने चित्रं सरळच दिली होती. पण काही महिन्यांनी मी चित्रं तपासायला बसले, आणि नऊ जणांचा ठिपका डावीकडे दिसला. मी म्हटलं, बघा, उलटली ना चित्रं! आणि मोठ्या दक्षतेने ती नऊच्या नऊ मी ‘सरळ’ केली. कॅप्सूलचा ठिपका कानशिलापाशी दिसतो, बाबांची खाच त्याच्या बरीच वर. चित्राच्या त्या थरापर्यंत मी गेलेच नव्हते. नऊ माणसांचा डावा मेंदू मी माझ्या हाताने उजवीकडे नेऊन ठेवला, आणि त्यावर ती सुंदर कल्पना लिहिली.

नऊ चित्रं परत जागेवर आणून सगळं गणित पुन्हा केलं. उजवी बाजू विझली. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं डावीकडे, शहाण्यासारखं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. निबंधासाठी रडले, फॉर्मसाठी रडले, आणि खरं सांगायचं तर त्या कल्पनेसाठीही रडले, कारण ती खरी असायला हवी होती असं मला आजही वाटतं.

विभागप्रमुखांना सांगणं भाग होतं. ते नागपूरकडचे, सज्जन माणूस, माझ्याबद्दल त्यांना खरोखर आस्था आहे. दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं.

“अहो मॅडम, तुम्ही खोटं लिहा असं मी मुळीच म्हणत नाही,” ते म्हणाले. “फक्त दोन महिने काही लिहू नका. इंटरव्ह्यू होऊन जाऊ द्या. मग पाठवा ना दुरुस्ती, कोण अडवतंय? चूक दहा वर्षं थांबली, अजून दोन महिन्यांनी काय बिघडणार आहे?”

यात मला खोट काढता येईना. घरी येताना रिक्षात मी तेच वाक्य सतरा वेळा मनात घोळवलं, आणि प्रत्येक वेळी ते जास्तच बरोबर वाटायला लागलं. सही करून फॉर्म पाठवायचा, मुलीला म्हणायचं डिस्क सापडत नाही, दोन महिन्यांनी ती अचानक सापडेल. एवढं सोपं होतं सगळं.

घरी बाबांनी चेहरा बघितला आणि टीव्ही बंद केला. क्रिकेटचा सामना चालू असताना टीव्ही बंद करणं ही आमच्या घरातली मोठी गोष्ट आहे. मी सगळं सांगितलं. कॅप्सूल, नऊ माणसं, त्यांची खाच. वाटलं होतं जवळ घेतील. ते हसायला लागले. खो खो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“समोर उभी राहून लावली? समोर?” ते म्हणाले. “अरे यार, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात! जवान समोर आहे तर त्याची दाहिनी ती तुझी बाईं. म्हणून नवीन कदम दाखवताना उस्ताद पीछे मुड करतो, स्क्वाडला पाठ दाखवतो, मग कदम दाखवतो. वीस साल मी हेच केलं. आणि माझी पोरगी डॉक्टर होऊन...”

“बाबा, माझी वाट लागलीय आणि तुम्ही हसताय!” मी ओरडले. शेजारच्यांनीही ऐकलं असणार.

त्यांनी हसू आवरलं, पण डोळ्यांतलं गेलं नव्हतं. मग विभागप्रमुख काय म्हणाले ते मी सांगितलं. दोन महिने.

“एकदा परेडची तालीम चालू होती,” ते म्हणाले. “मोठे साहब बघायला आले होते. मी दाहिने बोलायचं, तिथं बाएँ बोलून गेलो. चाळीस पोरं सरळ भिंतीकडे.”

“मग?”

“मग काय, थम बोललो. पूर्ण मैदानात आवाज गेला. बोललो, साहब, गलती उस्ताद की है, स्क्वाड सही है.”

“शिक्षा झाली?”

“झाली ना. रायफल डोक्यावर घेऊन ग्राउंडचे चक्कर. पोरांसमोर.” त्यांनी गुडघ्यावर बोटं वाजवली. “तू विचारशील म्हणून सांगतो, नायब सुभेदारी त्याच्यामुळे नाही हुकली. ती अशीच हुकली.”

“परेड संपल्यावर साहेबांना हळूच सांगितलं असतं तर?”

“आणि तोपर्यंत पोरं? ती थोडी थांबतात, बेटा. हुकूम आहे ना, भिंतीत पण जातात.” मग त्यांनी रिमोट हातात घेतला आणि टीव्ही लावता लावता विचारलं, “तुझी ती केरळवाली पोरगी, ती कुठपर्यंत पोचली?”

मी उठले. आत जाऊन लॅपटॉप उघडला. आधी त्या मुलीला लिहिलं. तुझं काही चुकलेलं नाही, चूक माझी आहे, आणि ती अशी झाली. मूळ चित्रंही पाठवली. मग नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, की हा निबंध मागे घ्यावा. त्या पत्रात “समोर उभी राहून” हे शब्द इंग्रजीत लिहिताना मला एकदम हसू फुटलं. बैठकीतून बाबा म्हणाले, “आता कोण हसतंय?”

मुलीचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं. तिने लिहिलं होतं, दोन वर्षं मी रोज स्वतःला मूर्ख समजत होते, काल पहिल्यांदा आईला फोन करून सांगितलं की माझं काम बरोबर आहे. हे वाचलं त्या दिवशी मी आकडा बघायचं विसरले. चहाला त्या दिवशी साखर नेमकी पडली असावी, कारण बाबांनी दुसरा कप मागितला.

इंटरव्ह्यूला मी गेले. फॉर्ममधून तो निबंध काढून टाकला होता, म्हणजे आकडा इतका खाली आला होता की समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. त्यांनी विचारलं, “मॅडम, आपका सबसे महत्त्वपूर्ण योगदान?” मी म्हटलं, “सर, वो तो मैंने पिछले महीने वापस ले लिया।” मग दहा मिनिटं मी त्यांना कॅप्सूलबद्दल सांगितलं. एक बाई मन लावून लिहून घेत होत्या. बाकीचे घड्याळ बघत होते. बढती मिळाली नाही. वाईट वाटलं, चांगलं आठवडाभर वाटलं, आणि त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर, म्हणजे बाबांवर, यथेच्छ डाफरून घेतलं. विभागप्रमुख अजूनही कधीमधी म्हणतात, “दोन महिने, मॅडम, फक्त दोन महिने.” पण आपल्या विद्यार्थ्यांना ते हल्ली माझ्याकडे पाठवतात, डेटा तपासून घ्या म्हणून.

गंमत म्हणजे मागे घेतलेल्या निबंधाला अजूनही सलाम येतात. लोक वाचल्याशिवाय हवाला देतात, त्याला मी काय करू? आधी चिडायचे. आता दर महिन्याला बसून अशा प्रत्येकाला पत्र लिहिते, की बाबा रे, हा निबंध मागे घेतला आहे, कारण असं असं झालं. काही उत्तर देत नाहीत. काही देतात. एकाने तर लिहिलं, तुमचं पत्र वाचून आम्ही आमची चित्रं तपासली, आमच्याकडेही तीन उलटी निघाली. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हा सलाम लिहून ठेव.” मी लिहून ठेवला. त्याचा कुठल्याही वेबसाइटवर आकडा होत नाही.

त्या मुलीचा प्रबंध झाला. तिनेच सुचवलं, की आपण दोघी मिळून तोच प्रयोग पुन्हा करू, इंदूरमध्ये, त्याच माणसांवर, या वेळी नीट. चोवीसांतले सहा जण आता नाहीत. मानपुरच्या काकूंपैकी एक गेल्या, दुसऱ्या एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, “निमकी माझी पक्की आहे हो, बाकी सगळं विसरायला झालंय.” भियाची दाढी पांढरी झाली आहे, पण स्कॅन सेंटर तेच, रविवार तेच आणि पोहेही तेच. या वेळी उजवी बाजू उजळणार नाही, हे मला माहीत आहे. पण ती मुलगी दुसरंच काहीतरी शोधते आहे, इतक्या वर्षांत त्याच माणसाच्या त्याच पाढ्याचं मेंदूत काय होतं. मला परत ती जुनी हुरहूर लागली आहे. पुढच्या वर्षी बढतीचा फॉर्म पुन्हा निघेल. भरेन, न भरायला काय झालं?

गेल्या रविवारी बाबांची पाळी होती. आता त्यांना पायऱ्या चढताना हात द्यावा लागतो, आणि हात दिला की राग येतो. पांढरा गाऊन घालून ते पलंगाच्या कडेला बसले. भिया आत मशीन लावत होता. त्या मुलीला मी व्हिडिओवरून सगळं दाखवत होते, फोन काचेपाशी टेकवून ठेवला होता. मी कॅप्सूल आणि चिकटपट्टी घेतली आणि सवयीने बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

बाबांनी भुवया वर केल्या. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

इथे एक सांगायला हवं. बाबा अधिकाऱ्यांना साहब म्हणतात, डॉक्टरांना डॉक्टरसाहब म्हणतात, मला पीएचडी मिळाली तेव्हा फक्त “शाब्बास” म्हणाले होते. उस्ताद म्हणून हाक मात्र त्यांनी आजवर एकाच माणसाला मारली आहे, ज्यांनी त्यांना पहिल्यांदा कदम शिकवला त्यांना. त्यांचं नाव घेताना बाबा आजही बसल्या जागी ताठ होतात.

मी थांबले. पलंगाला वळसा घालून त्यांच्या मागे गेले. ते जिकडे बघत होते तिकडेच तोंड करून उभी राहिले. डाव्या हाताने त्यांच्या डोक्यातली खाच चाचपून बघितली, आणि उजव्या हाताने उजव्या कानशिलावर कॅप्सूल लावली. पट्टी नीट दाबली.

बाबांनी आपला उजवा हात हळूहळू वर नेला, कानशिलावरची कॅप्सूल बोटाने तपासली, आणि मान न वळवता, समोर बघत म्हणाले,

“ठीक है, उस्ताद.”